मदत हवी आहे: नेव्हर्नच्या क्रॉसवरची नक्षी फोटोत कशी पकडू?

नमस्कार मंडळी. वेल्समध्ये पेम्ब्रोकशायरला नेव्हर्न नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या संत ब्रिनाखच्या चर्चच्या आवारात दहाव्या-अकराव्या शतकातला, जवळपास ४ मीटर उंच दगडी क्रॉस उभा आहे. वरचं चक्र वेगळ्या दगडाचं, खालच्या खांबावर खुंटी-खाच करून बसवलेलं. चारही बाजूंना चौकटी, आणि त्यांतल्या अनेकींत दोरीसारख्या गुंफलेल्या गाठी. बघतच राहावं असं काम आहे!

अडचण अशी की मी दुपारी गेले होते आणि फोटोत सगळं सपाट दिसतंय. त्यात दगडफुलाचे करडे ठिपके. एका चौकटीतली ‘डी-एन-एस’ अक्षरं (लॅटिन ‘डोमिनस’, म्हणजे प्रभू, याचं संक्षिप्त रूप मानतात) बोटभर अंतरावरून कशीबशी लागली, फोटोत मात्र गायब.

इथे वीरगळ आणि शिलालेखांचे फोटो काढणारे बरेच जण आहात. तिरपा प्रकाश नेमका कुठून द्यायचा? साधी बॅटरी चालेल की फ्लॅश वेगळा धरायचा? खडू किंवा पीठ चोळा असं कृपया सुचवू नका, दगडाला हात लावायचा नाहीये. ७ एप्रिलला, संत ब्रिनाखच्या दिवशी, पुन्हा जातेय. वर्षातला पहिला कुकू (कोकिळेच्या कुळातला पक्षी) त्या दिवशी याच क्रॉसवर बसून गातो अशी तिथली आख्यायिका आहे. त्याआधी सांगाल का?