मदत हवी आहे: अर्धवट राहिलेलं बी.कॉम. डिस्टन्सने पूर्ण करायचंय, अर्जंट

उद्यमबाग_शिफ्ट
नमस्कार. बी.कॉम. अर्धवट राहिलंय. आता डिस्टन्सने पूर्ण करायचं आहे. मी बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत डिस्पॅचला आहे, आठवड्याला एक सुट्टी, त्यामुळे कॉलेजला जाऊन बसणं होणार नाही. कुठली युनिव्हर्सिटी चांगली आणि किती दिवसांत डिग्री हातात येईल, तेवढंच सांगा. महिनाअखेरपर्यंत काहीतरी करायलाच पाहिजे. गुगल कर म्हणून सांगू नका, केलंय. नुसत्या जाहिराती येतात.

खानापूरकर
अर्धवट म्हणजे किती? पहिल्या वर्षाला सोडलं की शेवटच्या? कुठली युनिव्हर्सिटी, कुठलं साल? गिऱ्हाइकाने फोन करून नुसतं "माल खराब आला" म्हटलं तर तू पण चार प्रश्न विचारशील की नाही?

उद्यमबाग_शिफ्ट
फायनलचे काही विषय राहिलेत. बाकी क्लिअर. युनिव्हर्सिटी इथलीच. हे सगळं कशाला लागतंय, डिस्टन्सला नवीनच ऍडमिशन असते ना?

निपाणीची_सून
नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ घ्या, डोळे झाकून. मी बी.ए. तिथूनच केलं, दोन लेकरं सांभाळून. पुस्तकं मराठीत, पेपर मराठीत. इंग्रजीची धास्ती नाही. रविवारी तास असायचे, सकाळी भाकऱ्या थापून निघायचे आणि चारपर्यंत घरी. बारावी नसेल तरी आमच्या वेळी त्यांचा पूर्वतयारी कोर्स असायचा, तो करून पुढे जाता यायचं.

खानापूरकर
ताई, तो बी.कॉम.च्या फायनलपर्यंत पोचलेला आहे. बारावी नसलेल्यांचं कशाला आता?

निपाणीची_सून
माहीत असलेलं सांगितलं. वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

तिकीट_तिकीट
नाशिकच्या विद्यापीठाचं एक सांगतो. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र काढता येत नाही, यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. म्हणजे बेळगावात केंद्र नाही, चंदगड नाहीतर गडहिंग्लज गाठायचं. ताई, तुमचं केंद्र कुठलं होतं?

निपाणीची_सून
कागल. माहेर तिथलंच, रेशनकार्डावर नाव पण तिथलंच होतं तेव्हा.

तिकीट_तिकीट
मग बरोबर. या भावाचं माहेर कागलला नसावं.

मी इग्नूमधून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, कंडक्टरची ड्युटी करत. देशभर चालतं, आपल्या भागाला विजापूरचं रिजनल सेंटर. तिकडे मला एकदाही जावं लागलं नाही, परीक्षा बेळगावातच दिली. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. तीन वर्षांचा कोर्स सहा वर्षांपर्यंत लांबवता येतो, ड्युटीवाल्याला हे फार बरं. पेपरला ७० टक्के वजन, असाइनमेंटला ३०. आणि असाइनमेंट हाताने लिहायची, प्रिंट मारून चालत नाही. मी रात्री मुक्कामी गाडी घेऊन जायचो. गावात गाडी लावली की ड्रायव्हर मामा घोरायला लागायचे. मी मागच्या लांब सीटवर, मोबाईलची बॅटरी खिडकीच्या गजाला रबराने बांधून, मांडीवर तिकिटाची पेटी आणि त्यावर कागद. एका असाइनमेंटवर डासाच्या रक्ताचा डाग तसाच गेला. २२ मार्क पडले होते. शंभरपैकी नव्हे, पंचवीसपैकी.

एक_कटिंग
डासाला पण क्रेडिट द्यायला पाहिजे होतं.

उद्यमबाग_शिफ्ट
इग्नूमध्ये डायरेक्ट शेवटच्या वर्षाला घेतात काय? पहिली दोन वर्षं माझी झालेली आहेत. परत तीन वर्षं घालवायला वेळ नाही.

खानापूरकर
म्हणूनच विचारतोय रे बाबा. साल?

करिअर_मार्ग
वेळ नसेल तर काळजी नको सर! फायनल इयरला डायरेक्ट प्रवेश, एका वर्षात यूजीसी मान्यताप्राप्त डिग्री, अभ्यासाचं टेन्शन आमच्यावर. गॅप असणाऱ्यांसाठी खास बॅच. व्यक्तिगत निरोप करा.

तिकीट_तिकीट
भावा, याच्या नादाला लागू नकोस. "अभ्यासाचं टेन्शन आमच्यावर" म्हणजे काय ते समजून घे. माझ्या मेहुण्याने असल्याच एकाला चाळीस हजार दिले. डिग्री आली, होलोग्रामसकट. दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी विद्यापीठाची, आणि त्यावर साल असं की त्या वर्षी हा गोव्यात हॉटेलात कामाला, पीएफ कापला जात होता. व्हेरिफिकेशनला कंपनीने कागद पाठवला, तिकडून उत्तर आलं की असा नंबरच नाही. डिग्री गेली, नोकरी पण गेली. डिस्टन्सची परवानगी कुठल्या विद्यापीठाला, कुठल्या कोर्सला, कुठल्या सत्रासाठी आहे ते यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर असतं. दरवेळी बघायचं. गेल्या वर्षी होती म्हणून या वर्षी असेल असं नाही. मैसूरच्या मुक्त विद्यापीठाचं विसरलात काय? २०१३-१४ पासून मान्यता अडकली ती २०१८-१९ ला परत मिळाली. मधल्या पोरांचे काय हाल झाले.

शहापूरची_मावशी
मैसूरला नावं ठेवू नका. माझ्या पुतणीने आत्ता तिथूनच बी.कॉम. केलं. मान्यता व्यवस्थित आहे.

तिकीट_तिकीट
आता आहे, मी पण तेच लिहिलंय मावशी. पण तिथं माध्यम कन्नड नाहीतर इंग्रजी. याचं शिक्षण मराठीत झालंय की काय तेही यानं सांगितलेलं नाही.

सीमावासी
इथे मूळ मुद्दा कुणीच बोलत नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाला सीमाभागाचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. आपल्या पोरांना हे माहीत नसतं आणि मग ती इथल्याच कॉलेजांत डोनेशन भरत बसतात. तुमचं गाव यादीत आहे का बघा.

खानापूरकर
छत्तिशीतल्या माणसाला इंजिनिअरिंगला पाठवताय? डिस्टन्सने इंजिनिअरिंगच नसतं मुळात.

सीमावासी
माहिती दिली. माहिती दिल्याचं पण दुखतंय लोकांना.

उद्यमबाग_शिफ्ट
मला छत्तिशीतला कुणी केला? पस्तीस पूर्ण नाहीत अजून. शिक्षण दहावीपर्यंत मराठीत, पुढे इंग्रजी. बी.कॉम.ला २००८ ला ऍडमिशन, २०११ ला फायनल. झालं समाधान?

खानापूरकर
झालं की. आता मार्क्स कार्डं काढ. सहाच्या सहा सेमिस्टरची. वर नाव कुणाचं आहे बघ. तुझी ऍडमिशन २००८ ची आणि बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ सुरू झालं २०१० ला. त्याआधी आपली बी.ए.-बी.कॉम.ची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली. "इथलीच" म्हणून तू उगीच चन्नम्माच्या कॅम्पसला, भूतरामनहट्टीला चक्कर मारशील. आणि कुठल्या सेमला किती राहिलेत ते बघून लिही. "काही" म्हणू नकोस.

उद्यमबाग_शिफ्ट
रात्री काढतो. आईच्या ट्रंकेत आहेत.

एक_कटिंग
सगळ्या बेळगावची मार्क्स कार्डं आईच्या ट्रंकेत. वर डांबरगोळ्या, खाली लग्नातला शालू.

उद्यमबाग_शिफ्ट
काढली. पाच कार्डं धड, सहाव्याला एक कोपरा वाळवीने खाल्लाय पण मार्क दिसतात. सगळ्यांवर कर्नाटक विद्यापीठ, धारवाड. चार सेम क्लिअर. पाचव्याला पण सगळं क्लिअर आहे, मला वाटत होतं एक राहिलाय. सहाव्याला कॉस्टिंगमध्ये नापास आणि इन्कम टॅक्ससमोर नुसतं एबी लिहिलंय.

शहापूरची_मावशी
एबी म्हणजे गैरहजर. पेपरलाच गेला नव्हतास काय?

उद्यमबाग_शिफ्ट
गेलो होतो. त्या दिवशी येळ्ळूरकडच्या बस बंद होत्या, कसला तरी बंद होता. वडगावपर्यंत चालत आलो, तिथून एकाच्या लुनावर. पेपर सुरू होऊन तास झालेला. आत घेतलं नाही. पुढच्या महिन्यात फौंड्रीत लागलो, मग राहूनच गेलं.

सीमावासी
बघा! कुणाच्या बंदमुळे पोराचं वर्ष गेलं? आणि हेच लोक १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला…

येळ्ळूरवेस
कुणाचा बंद होता ते त्याने लिहिलेलं नाही. आमच्या मराठी बाजूने पण बंद होतात, बस तेव्हा पण बंदच असतात. पोराला पेपरला पोचायचं होतं, इतकंच.

सीमावासी
तुम्ही कुठल्या बाजूचे ते कळलं.

येळ्ळूरवेस
नावावरनं कळत नाही काय?

खानापूरकर
दोघांनी दुसरा धागा काढा. इथं इन्कम टॅक्स आणि कॉस्टिंग चाललंय.

तर राजा, तुझी डिग्री अर्धवट नाही. दोन पेपरवर अडकलीय. तू तीन वर्षांचं ऍडमिशन शोधत फिरतोयस. अडचण अशी की कुठल्याही विद्यापीठात डिग्री पुरी करायला मुदत असते, आणि २००८ ची ती कधीच उलटली. त्यामुळे नेहमीचा परीक्षा फॉर्म भरता येणार नाही. पण जुन्या मुलांना विद्यापीठं कधीमधी एक जादा संधी देतात, मर्सी चान्स म्हणतात त्याला. नोटीस निघते, थोडे दिवस खिडकी उघडी असते, दंड मोठा असतो. माझ्या चुलतभावाने असेच राहिलेले पेपर बारा वर्षांनी सोडवले. सिलॅबस बदललं होतं, जुन्याच्या जागी कुठला पेपर द्यायचा ते आधी लिहून घेतलं. तू धारवाडला परीक्षा विभागात जा, सहाही कार्डांची झेरॉक्स घेऊन, आणि लेखी अर्ज दे. फोनवर विचारू नकोस. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घे, तो महत्त्वाचा.

तिकीट_तिकीट
आणि मर्सी चान्स निघालाच नाही तर? दोन वर्षं नोटिशीची वाट बघत बसायचं काय? इग्नूला घे, तीन वर्षांत खात्रीने होतंय.

खानापूरकर
दोन पेपरसाठी तीन वर्षं?

तिकीट_तिकीट
खात्रीची तीन वर्षं.

निपाणीची_सून
जुने मार्क धरत नाहीत का? हल्ली ते क्रेडिटचं खातं असतं म्हणे, बँकेसारखं.

तिकीट_तिकीट
अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. ते २०२१ ला आलं आणि त्यात क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतं. याचं सगळं २०११ चं, खात्यात येणार कुठून? इग्नूमध्ये क्रेडिट ट्रान्सफरचा अर्ज वेगळा असतो, पण सेमिस्टरच्या जुन्या मार्कांना किती धरतील ते त्यांच्याकडून लेखी आल्याशिवाय धरून चालू नये. बारावीच्या, म्हणजे पीयूसीच्या कार्डावर नवीन ऍडमिशन घे आणि काही सुटलं तर देवाची कृपा समज.

शहापूरची_मावशी
दोन्ही केलं तर? इकडे धारवाडला अर्ज, तिकडे इग्नू. एकाच वेळी दोन डिग्र्या चालत नाहीत असं आमच्या वेळी होतं.

खानापूरकर
२०२२ पासून चालतात मावशी. यूजीसीने परवानगी दिली, एक रेग्युलर आणि एक डिस्टन्स अशा दोन एकदम करता येतात. इथं धारवाडचे नुसते राहिलेले पेपर आहेत, अडायचं कारण नाही. तरी अर्जात लपवू नये.

आता मला एक सांगा, महिनाअखेरचं काय आहे? कुठल्याच रस्त्याने महिनाअखेरला डिग्री मिळत नाही. मग महिनाअखेरच का, हे त्याने पहिल्या दिवसापासून सांगितलेलं नाही.

उद्यमबाग_शिफ्ट
अकाउंट्स असिस्टंटची जागा निघालीय. मी गेटपास, ई-वे बिल सगळं बघतो, टॅली येतं. मॅनेजर म्हणाले कागदावर बी.कॉम. पाहिजे. अर्ज महिनाअखेरपर्यंत.

शहापूरची_मावशी
कंपनीत एचआर आहे की नाही? त्यांना विचारलंस काय, की शिकत असलेला चालेल का म्हणून?

उद्यमबाग_शिफ्ट
नाही विचारलं. उद्या विचारतो.

एक_कटिंग
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उद्यमबाग_शिफ्ट
विचारलं. एचआर मॅडम म्हणाल्या, "ऍडमिशनची पावती आणि जुनी मार्क्स कार्डं जोड, अर्ज धरून ठेवते, डिग्री दोन-तीन वर्षांत आणून दे." मॅनेजरना हे माहीतच नव्हतं.

खानापूरकर
हे पहिल्या दिवशी विचारायला काय झालं होतं? दोन दिवस आम्ही सगळे भांडतोय.

तिकीट_तिकीट
मग इग्नूची पावती पाहिजे आधी. सत्रं जुलै आणि जानेवारी, लिंक चालू आहे का आजच बघ, तारखा कधीकधी वाढवतात. २०२४ पासून डीईबी आयडी, म्हणजे त्या डिस्टन्स ब्युरोचा नंबर काढल्याशिवाय डिस्टन्सला ऍडमिशन होत नाही. त्याला एबीसी आयडी, म्हणजे त्या क्रेडिटच्या बँकेचा नंबर लागतो, तो डिजिलॉकरमधून निघतो. हे सगळं फुकट होतं. सायबर कॅफेवाला पैसे मागेल, देऊ नकोस. फॉर्म भरताना आधार, पीयूसी कार्ड आणि फोटो जवळ ठेव. आणि सुट्टीला धारवाडला जायचं चुकवू नकोस, पहाटेची गाडी धर, अर्ज देऊन जेवणापर्यंत परत येशील.

उद्यमबाग_शिफ्ट
एबीसी आयडी निघाला. डीईबीला अडकलं. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण आहे. पीयूसी कार्डावर आडनावाचं नुसतं इनिशियल, तेही पुढे. वडिलांचं नावच नाही. आणि एकावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी. नवीन धागा काढू काय?

खानापूरकर
इथंच लिही. आणि या वेळी दोन्ही कार्डांवर काय छापलंय ते अक्षर न अक्षर लिही.