शोधायला गेलो एक, हाती लागले भलतेच

पावसाळी संध्याकाळी संगणकासमोर किंवा मोबाइल हातात घेऊन बसल्यावर आपण ज्यासाठी बसलो ते काम बाजूला राहते आणि एखादे जुने चित्र, नकाशा, ध्वनिमुद्रण किंवा विसरलेले पुस्तक समोर येऊन ठाकते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. असे अनुभव येथे लिहावेत, अशी गोव्यातील व गोव्याबाहेरील सर्व वाचकांना विनंती आहे. आपण मुळात काय शोधत होता, काय सापडले आणि इतरांना ते कसे पाहता येईल, एवढे सांगितले तरी पुरे. कोणीतरी पुढे ढकललेले संदेश मात्र येथे नकोत. स्वतः पाहिलेलेच लिहावे.

सुरुवात मीच करतो. घरामागच्या सातविणीची साल औषधी असते असे आजी सांगत असे, त्याला काही जुना लेखी आधार मिळतो का, हे मी पाहत होतो. त्या शोधात ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या वनस्पती व प्राण्यांवरील जुन्या ग्रंथांच्या मोफत संकेतस्थळावर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा मलबारातील वनस्पतींवरचा, डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने सिद्ध केलेला, 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅम येथे 12 खंडांत छापलेला ग्रंथ उघडला. भाषा लॅटिन, त्यामुळे चित्रे पाहून बंद करावा असा विचार होता. पण पहिल्या खंडाच्या प्रारंभीच्या पानांत चक्क नागरी अक्षरे दिसली आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीन येथील तीन कोकणी वैद्यांनी आपण या कामी साहाय्य केल्याची ग्वाही 1675 मध्ये लिहून दिली होती आणि तिची प्रतिकृती ताम्रपटावर कोरून तेथे छापलेली आहे. पुढे वनस्पतींच्या चित्रांवरही मल्याळम आणि अरबी लिपीतील नावांच्या शेजारी नागरीत कोकणी नावे आहेत. सोळाव्या शतकात गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांची भाषा शंभर वर्षांनी हॉलंडमधल्या छापखान्यात पोहोचली, आणि ती अक्षरे अशा कारागिराने कोरली ज्याला त्यांतले एकही वाचता येत नसणार. काही अक्षरांची वळणे त्यामुळे गमतीदार झाली आहेत. सातवीण त्या संध्याकाळी राहूनच गेली.

फोंडा, निवृत्त संगीत शिक्षक

केसरबाई केरकर यांच्यावर एका कार्यक्रमात बोलायचे होते, म्हणून मी त्यांच्याविषयी माहिती जमवीत होतो. फोंडा तालुक्यातील केरी गावात 1892 साली जन्मलेल्या या गायिकेची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 मध्ये अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील, पृथ्वीवरचे आवाज साठवलेल्या सोनेरी तबकडीत समाविष्ट झाली, हे गोव्यात शाळकरी मुलेही सांगतात. मला तेवढेच वाक्य बोलून दाखवायचे नव्हते. ते यान आज कोठे आहे, हे पाहण्यासाठी मी नासाच्या संकेतस्थळावर गेलो. तेथे पृथ्वीपासूनचे अंतर दर सेकंदाला बदलत असलेले दिसते. व्हॉयेजर 1 आता 2400 कोटी किलोमीटरांच्याही पलीकडे असून तेथून निघालेला रेडिओ संदेश आपल्याकडे यायला बावीस तासांहून अधिक वेळ लागतो.

गंमत अशी की मी ते पान उघडले तेव्हा आकडा वाढण्याऐवजी कमी होत होता. दूर जाणारे यान जवळ कसे येईल, या प्रश्नाने मी त्या रात्री कार्यक्रमाची टिपणे बाजूला ठेवली. उलगडा असा झाला की यान सूर्यापासून सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने दूर जात आहे, परंतु पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने फिरते. त्यामुळे वर्षातून काही महिने पृथ्वीच यानाच्या दिशेने त्याच्यापेक्षा अधिक वेगाने सरकते आणि तेवढ्यापुरते अंतर घटते. सूर्यापासूनचे अंतर मात्र वाढतच असते. त्याच पानावर तो आकडाही शेजारी दिलेला आहे.

याच तबकडीत 55 भाषांतील शुभेच्छा आहेत आणि त्यांत मराठीही आहे. नासाने त्या ऐकण्यासाठी खुल्या ठेवलेल्या आहेत. तबकडीवर संगीताच्या 27 रचना आहेत, त्यांत भारतातली ही एकच, आणि तीही जेमतेम साडेतीन मिनिटांची. तारखा जुळवताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. व्हॉयेजर 1 ने 5 सप्टेंबर 1977 रोजी उड्डाण केले आणि त्याच महिन्याच्या 16 तारखेला केसरबाई निवर्तल्या. या दोन तारखा शेजारी ठेवून लिहिलेले मी मराठीत तरी वाचलेले नव्हते. कार्यक्रमात मी त्या वाचून दाखवल्या आणि दुसरे काही बोललो नाही.

वास्को, गृहिणी

माझे यजमान तारवटी आहेत, मालवाहू बोटीवर काम करतात. त्यांच्या बोटीचे नाव एकदा सहज टंकले आणि जगातील जहाजांची जागा दाखवणारा नकाशा उघडला. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या 300 टनांवरील प्रत्येक जहाजावर आपले नाव, वेग आणि दिशा सतत प्रक्षेपित करणारे यंत्र असावे लागते, आणि त्या संदेशांवरूनच हे नकाशे तयार होतात. किनाऱ्यावरच्या केंद्रांना साधारण चाळीस-पन्नास सागरी मैलांपर्यंतच ते ऐकू येतात. त्यापुढचे उपग्रहांमार्फत मिळतात, पण त्यासाठी पैसे मोजावे लागतात. म्हणून बोट खोल समुद्रात गेली की नकाशावरचा बाण जुन्याच जागी थबकून राहतो.

सासूबाईंना हे पटवायला फार वेळ लागला. बाण हलला नाही की ‘बोट बंद पडली गो’ म्हणून त्या जेवत नसत. आता त्यांना इतके कळू लागले आहे की सुवेझपाशी बाणांची रांग दिसली की ‘ह्यांचो लंबर येवंक दोन दीस लागतले’ असे त्या स्वतःच सांगतात, आणि बहुधा ते खरे ठरते.

वास्को, बंदरातील माजी कर्मचारी

वरील बाईंचा अनुभव वाचून मला माझा आठवला. मुरगाव बंदरात नांगरलेल्या जुन्या बोटींची छायाचित्रे शोधताना मला ‘ग्रिप्सहोम’ आणि ‘तेइया मारू’ या दोन जहाजांची नावे वारंवार दिसू लागली. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे मुरगाव हे दोन्ही बाजूंना चालणारे बंदर होते. ऑक्टोबर 1943 मध्ये जपानने आपल्या ताब्यातील अमेरिकन आणि इतर नागरिक एका जहाजातून येथे आणले, अमेरिकेने जपानी नागरिक दुसऱ्यातून आणले, आणि याच धक्क्यावर माणसांची अदलाबदल झाली. दोन्हीकडून हजाराहून अधिक माणसे होती. त्यांत धर्मप्रसारक, व्यापारी, बायका आणि लहान मुले पुष्कळ. त्या मुलांपैकी काहींनी म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी आंतरजालावर वाचायला मिळतात. जपानी छावणीतील उपासमारीनंतर समोरच्या जहाजावर मांडलेले अन्न पाहून काय वाटले, हे त्यांत पुन्हा पुन्हा येते. मुरगावचे नाव मात्र बहुतेकांनी ओझरतेच घेतले आहे. मी त्या बंदरात उभी हयात काढली आणि हा प्रसंग मला कोणी सांगितला नव्हता.

मडगाव, औषध दुकानदार

आमच्या आजोबांच्या डब्यात ‘एस्तादो दा इंडिया’ (पोर्तुगीज भारत) असे कोरलेली, 1958 व 1959 सालची काही नाणी निघाली. 30 आणि 60 सेंतावो, तसेच 3 आणि 6 एस्कुदो (शंभर सेंतावो म्हणजे एक एस्कुदो), अशी त्यांची मूल्ये पाहून ती कोणत्या हिशेबाने पाडली असतील, हे कळेना. जगभरच्या नाण्यांची सूची देणाऱ्या ‘नुमिस्ता’ या संकेतस्थळावर उत्तर सापडले. रुपयाच्या जागी एस्कुदो आणताना एका रुपयाला 6 एस्कुदो असा दर ठरला होता. म्हणजे 6 एस्कुदो हा पूर्ण रुपया, 3 हा अर्धा, 60 सेंतावो म्हणजे दहा पैसे आणि 30 म्हणजे पाच. नाव पोर्तुगीज झाले तरी बाजार रुपयातच मोजत होता, त्याला धरूनच ही नाणी पाडली गेली. नाण्यांना फारशी किंमत येत नाही, हेही त्याच संकेतस्थळावर कळले.

म्हापसा, सेवानिवृत्त कारकून

‘रेडिओ गार्डन’ नावाचा पृथ्वीचा गोल आहे. तो फिरवून हिरव्या ठिपक्यावर थांबले की त्या गावचे रेडिओ केंद्र ऐकू येते. मी लिस्बनच्या बातम्या लावतो आणि लिसेंवात (पोर्तुगीज काळातील माध्यमिक शाळेत) शिकलेले पोर्तुगीज अजून किती कळते, ते पाहतो.

सांगे, भूगोलाच्या शिक्षिका

माझ्या माहेरची माणसे कुर्डीची. साळावली धरणासाठी तीन हजारांहून अधिक माणसांना ते गाव सोडून वालकिणी आणि वाडे येथील वसाहतींत जावे लागले. पाणी उतरले की मे महिन्यात गाव उघडे पडते आणि जुने रहिवासी देवळाच्या व कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) उत्सवासाठी तेथे जमतात, हे वर्तमानपत्रांतून दरवर्षी येतेच.

मी शोधत होते वेगळेच. वर्गात शिकवण्यासाठी उपग्रहांची चित्रे हवी होती. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रे 2015 पासून सर्वांना मोफत मिळतात आणि एकाच जागेचे नवे चित्र साधारण पाच दिवसांनी येते. तारीख बदलत गेल्यावर एकाच चौकटीत वर्षभराचे साळावली दिसू लागले. जून ते सप्टेंबर बहुतेक ढगच असतात, तो काळ सोडून द्यावा लागतो. ऑक्टोबरमध्ये पाणी रानाच्या कडेला टेकलेले असते. जानेवारीपासून काठावर तपकिरी पट्टी उमटते आणि ती रुंदावत जाते. एप्रिलच्या अखेरीस पाण्याच्या मधूनच जमिनीचे ठिपके वर येतात. या चित्रांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर, त्यामुळे एखादे घर म्हणजे फार तर एक-दोन ठिपके. घर ओळखू येत नाही. वाट मात्र येते, कारण ती लांब असते.

आईला मी ही चित्रे संगणकावर दाखवली. तिने आधी नदी कोठे आहे ते विचारले, मग बोटाने पडद्यावर चालत गेली आणि एका जागी थांबून म्हणाली, इथून आमच्या कुळागराकडे (सुपारी-नारळाच्या बागेकडे) वळायचे. माझ्या चित्रात तेथे काहीच नव्हते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे त्याहून जुनी असून 2008 पासून तीही मोफत मिळतात; आई म्हणाली, पाणी भरायच्या आधीचे काढ. ती चित्रे आणखी धूसर, एक ठिपका तीस मीटरांचा. तरीही झाडी तांबडी आणि पाणी काळे दाखवणाऱ्या रंगयोजनेत नदीकाठची कुळागरांची पट्टी ठळक दिसते. आईला रंग पटले नाहीत, पण पट्टीची जागा पटली.

*(बाईंना विनंती: ही चित्रे तारखांसह एकत्र ठेवता आली तर अवश्य ठेवावीत. आपल्या आईसारखी वाट ठाऊक असलेली माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून जागांची नावेही लिहून घ्यावीत.)*

डिचोली, ग्रंथपाल

जुनी मराठी पुस्तके शोधणाऱ्यांसाठी थोडे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने पूर्वी क्रमवीक्षण (स्कॅनिंग) केलेली लाखो पुस्तके ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर आहेत, पण त्यांची शीर्षके रोमन लिपीत, घाईघाईने आणि अनेकदा चुकीची टंकलेली आहेत. नीट नाव लिहून शोधल्यास पुस्तक मिळत नाही. प्रकाशनवर्ष आणि भाषा एवढेच देऊन सगळी यादी चाळावी लागते. काही पानांवर क्रमवीक्षण करणाऱ्याचा अंगठा आलेला असतो, काही पाने दोनदा येतात, तर काही येतच नाहीत. तरी या यादीतून मी जे वाचले, ते आमच्या ग्रंथालयातील कपाटांतून मिळाले नसते. कोकणी विश्वकोशाचे चारही खंड गोवा विद्यापीठाने 2013 मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले, हेही अनेकांना ठाऊक नाही.

पणजी, चित्रकलेचा विद्यार्थी

यान ह्युखेन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस 1583 ते 1588 या काळात गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. त्याच्या 1596 च्या प्रवासवर्णनातील गोव्याच्या बाजाराचे चित्र आम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारात मोफत उतरवून घेता येते. पुस्तकात बोटाएवढी दिसणारी माणसे पडदाभर मोठी करता येतात, आणि मग छत्री कोण धरतो, पालखी कोण उचलतो व त्यात कोण बसले आहे, हे स्पष्ट दिसू लागते. जुन्या गोव्यातील तो बाजाराचा रस्ता आज शोधायला गेल्यास व्हाइसरॉयच्या कमानीपासून सुरुवात करावी.

कांदोळी, हॉटेल व्यावसायिक

विद्यार्थी मित्राने लिहिले त्याला जोडून सांगतो. ‘जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयाचे अवशेष’ म्हणून एक भव्य दर्शनी भिंत आमच्या नातेवाइकांच्या गटात फिरत होती. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय वापरली, तेव्हा ती भिंत मकाव येथील निघाली. जुन्या गोव्यात त्या महाविद्यालयाची एक कमान तेवढी उभी आहे. मी दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून गटात पाठवली. मामांनी अंगठा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी मकावची भिंत पुन्हा पाठवली.