१९७१ आणि ढाक्यातले बिहारी

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी लष्कराच्या शरणागतीवर सही झाली, ९३ हजार युद्धकैदी १९७४पर्यंत परत गेले आणि विषय मिटला, असं म्हटलं जातं. नाही पटलं. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, आलेल्या उर्दू बोलणाऱ्या बिहारींचं काय? त्यांच्यातल्या काहींनी पाक लष्कराला साथ दिली, सूड मात्र सरसकट सगळ्यांवर उगवला. पाकिस्ताननेही काहींना नेलं आणि बाकीच्यांच्या बाबतीत सरळ हात वर केले. ढाक्यातल्या मोहम्मदपूरच्या जिनिव्हा कॅम्प या छावणीत त्यांची पुढची पिढी एकेका खोलीत आख्खं कुटुंब कोंबून राहते. बांगलादेशच्या हायकोर्टाने त्यांना नागरिक मानायला २००८ साल उजाडलं, तेही १९७१मध्ये अल्पवयीन असलेल्यांना आणि नंतर जन्मलेल्यांना.