मदत हवी आहे: घरांचे व्यवहार घटले, तरी किंमत वाढलेली दिसते. याला फुगा म्हणावे का?

नवखा_खरेदीदार
नमस्कार. विषय तातडीचा असल्यामुळे प्रस्तावना करीत नाही. आमच्या भागातील घरांच्या नोंदलेल्या व्यवहारांची यादी मी गेले दोन महिने एका वहीत उतरवून घेत आहे. गेल्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत ४१ व्यवहार झाले होते, या वर्षी त्याच काळात २३ झाले. व्यवहार असे निम्म्यावर येऊ लागलेले असताना मध्यक किंमत, म्हणजे किमती क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारी किंमत, मात्र चांगलीच वर गेलेली दिसते. गिऱ्हाईक कमी आणि भाव जास्त, हे गणित माझ्या डोक्यात बसत नाही. घरातील मंडळी म्हणतात, भाव आणखी चढण्याआधी घेऊन टाक. कार्यालयातील सहकारी म्हणतात, हा फुगा आहे, थांब. येत्या रविवारी विसार द्यायचा आहे. 'निर्णय सर्वस्वी आपला' अशा छापाचे उत्तर कृपया देऊ नये. घ्यावे की थांबावे, एवढेच सांगावे.

हिशेबनीस
एवढ्या माहितीवर कोणालाही काही सांगता येणार नाही. हे व्यवहार नव्या घरांचे आहेत की पुनर्विक्रीचे? लहान घरे किती आणि मोठी किती? तारीख कराराची धरली आहे की नोंदणीची? या दोहोंत काही आठवड्यांचे अंतर पडते, त्यामुळे नोंदणीचा आकडा हा जुन्या सौद्यांचा आकडा असतो. आणि घर राहण्यासाठी घेत आहात की गुंतवणूक म्हणून?

चौथा_मजला
घेऊन टाका. मीही असाच आकडे मांडत बसलो होतो. सहा वर्षे 'फुगा फुटेल' म्हणून थांबलो, तेवढी वर्षे भाडे भरले आणि शेवटी त्याच इमारतीत, त्याच मापाचे घर कितीतरी जास्त पैसे मोजून घेतले. जमीन वाढत नाही, माणसे वाढतात. घरांच्या किमती फार तर थबकतात, खाली येत नाहीत.

उतारावरचा
वरील शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही. अमेरिकेत २००६ च्या शिखरापासून २०१२ च्या तळापर्यंत देशभराच्या किमती सुमारे २७ टक्क्यांनी उतरल्या. आयर्लंडमध्ये २००७ नंतरच्या सहा वर्षांत त्या सुमारे निम्म्यावर आल्या. जपानच्या मध्यवर्ती बँकेने १९८९ ते १९९० या काळात व्याजदर २.५ वरून ६ टक्क्यांवर नेला आणि १९९१ नंतर मोठ्या शहरांतील जमिनीचे भाव जे उतरू लागले ते कितीतरी वर्षे उतरतच राहिले. तिकडेही लोक 'जमीन वाढत नाही' असेच म्हणत होते. धागाकर्त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की अमेरिकेत जुन्या घरांची विक्री २००५ मध्येच कळसाला पोहोचली होती, किमतींचा कळस त्यानंतर आला. आधी गिऱ्हाईक नाहीसे होते, भाव मागाहून पडतो. आपल्या वहीत नेमके हेच दिसत आहे. थांबा.

चौथा_मजला
फुगा फुटणार असे सांगणाऱ्यांचीही एक कथा आहे. ऑस्ट्रेलियातील अर्थतज्ज्ञ स्टीव्ह कीन यांनी २००८ मध्ये तेथील घरांच्या किमती ४० टक्क्यांपर्यंत कोसळतील असे भाकीत केले आणि त्यावर पैज लावली. किमती कोसळल्या नाहीत, आणि २०१० मध्ये पैजेच्या अटीनुसार त्यांना कॅनबेरापासून कोशिउस्को पर्वतापर्यंत २०० किलोमीटरहून अधिक चालत जावे लागले. उतारावरचे साहेब, आपण पायताणे तयार ठेवावीत.

उतारावरचा
एकाची पैज हुकली म्हणून आयर्लंडचे आकडे खोटे ठरत नाहीत.

गळका_गिलावा
कृपया सर्वांत वरच्या मजल्यावरचे घर घेऊ नये. गच्चीचे पाणी कितीही उपाय केले तरी झिरपते, आणि शयनगृहाच्या कोपऱ्यात ताटाएवढा डाग एकदा उमटला की दर वर्षी रंग देऊनही तो वर येतोच. मी गेली आठ वर्षे हे भोगत आहे. घर कितव्या मजल्यावर आहे?

नवखा_खरेदीदार
मी मजल्याविषयी विचारलेले नाही. हिशेबनीस साहेबांच्या प्रश्नांची उत्तरे अशी: सर्व व्यवहार पुनर्विक्रीचे आहेत, हे मला वाटले उघडच आहे. तारीख नोंदणीची आहे. गेल्या वर्षीच्या ४१ घरांपैकी २७ लहान आणि १४ मोठी होती. या वर्षीच्या २३ पैकी ८ लहान आणि १५ मोठी आहेत. मी घेत आहे ते लहान आहे. दलाल म्हणतो की आमच्या भागात भाव वाढल्याचे मी काढलेला मध्यकच सिद्ध करतो. आता तरी सांगावे.

हिशेबनीस
आपले कोडे आपल्याच वहीत सुटलेले आहे. ४१ घरे किमतीच्या चढत्या क्रमाने लावली तर मधले घर एकविसावे. लहान घरे सत्तावीस असल्यामुळे हे एकविसावे घर लहान निघणार. या वर्षी २३ घरांतले मधले घर बारावे, आणि लहान घरे आठच असल्यामुळे ते मोठे निघणार. म्हणजे गेल्या वर्षीचा मध्यक ही एका लहान घराची किंमत होती आणि या वर्षीचा मध्यक ही एका मोठ्या घराची किंमत आहे. एकाही घराचा भाव तिळभर वाढला नसता, तरीही आपला मध्यक उडी मारून वर गेला असता. मध्यकाचा हा दोष जुना आहे. कोणत्या मापाची घरे विकली गेली, याचे प्रमाण बदलले की तो दिशाभूल करतो.

मोठ्या घरांचे व्यवहार १४ चे १५ झाले, म्हणजे तेथे काही बिघडलेले नाही. लहान घरांचे मात्र २७ चे ८ झाले. लहान घराचा ग्राहक बहुतेक कर्जावर अवलंबून असतो. वीस वर्षांच्या कर्जाचा दर ७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर गेला, तर त्याच मासिक हप्त्यात बसणारे कर्ज सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते. आपल्याकडे दर एवढा चढला आहे की कमी, हे आपण पाहावे. पण पहिल्यांदा घर घेणारा अशाच वेळी बाजारातून बाहेर पडतो. आणि लहान घर विकले गेले नाही, तर ते विकून मोठे घेऊ पाहणारा मनुष्यही अडकून पडतो. म्हणून मोठ्या घरांचा आकडा आज ठीक दिसतो, याचा फार भरवसा धरू नये.

मोजपट्टी
हिशेबनीस यांच्याशी सहमत आहे. एक पुस्ती जोडतो. मध्यक बाजूला ठेवून तेच घर दोनदा विकले गेले असेल, तर त्याच्या दोन किमतींची तुलना करावी. ही पद्धत १९६३ मध्ये मांडली गेली, आणि १९८० च्या दशकात कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी ती पुढे नेऊन घरांच्या किमतींचा निर्देशांक बनवला. आपल्या वहीत तेच घर दोनदा सापडणे कठीण. तरीही त्याच इमारतीतील त्याच मापाची दोन घरे, एक गेल्या वर्षी आणि एक या वर्षी विकलेले, अशा जोड्या नक्की निघतील.

'आधी गिऱ्हाईक जाते, मग भाव पडतो' हे विधान मात्र सरसकट लावू नये. अमेरिकेत २०२३ मध्ये जुन्या घरांची विक्री १९९५ नंतरच्या नीचांकाला गेली, आणि त्याच वर्षी मध्यक किमतीने उच्चांक गाठला. ज्यांनी स्वस्त आणि स्थिर दराचे कर्ज घेतले होते, ते ते सोडून नवे महाग कर्ज घ्यावे लागेल म्हणून घर विकायलाच तयार नव्हते. ग्राहक घटले तसा विकाऊ मालही घटला. २००६ नंतर याच्या उलट घडले होते. विकाऊ घरे साचत गेली. म्हणून विक्रीच्या आकड्याशेजारी विकाऊ घरांचा आकडा लागतोच. महिन्याला सरासरी किती घरे विकली जातात, त्याने विकाऊ घरांच्या संख्येला भागा, म्हणजे साठा किती महिन्यांचा ते कळेल. अमेरिकेत सहा महिन्यांच्या आसपासचा साठा समतोल मानण्याची प्रथा आहे. आपल्याकडे लहान घरांसाठी हे गणित काय निघते?

उतारावरचा
२०२३ चा मुद्दा मान्य. साठा मोजल्याशिवाय मी घाईने बोललो.

नवखा_खरेदीदार
काल रात्री जागून जाहिराती मोजल्या. एकच घर दोन दलालांनी टाकले असेल तर एकदाच धरले. आमच्या भागात लहान घरे २६ विकाऊ आहेत. सहा महिन्यांत ८ विकली गेली, म्हणजे साठा साडेएकोणीस महिन्यांचा निघतो. जोड्या पाचच सापडल्या. तीन जोड्यांत किंमत जवळपास तीच आहे, दोन जोड्यांत या वर्षीची थोडी कमी आहे. वाढ एकीतही नाही. साठ्याचा आकडा पाहून झोप उडाली आहे. तीन वर्षांनी बदली ठरलेली आहे, तेव्हा हे घर विकताना काय होईल?

हिशेबनीस
बदलीची गोष्ट आपण आज सांगत आहात!

पंधरा वर्षे राहणाऱ्याला मी म्हटले असते की फुगा आहे की नाही याची फार चिंता करू नका, हप्ता झेपतो का तेवढे पाहा. तीन वर्षांत विकणाऱ्याला घेताना मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली, विकताना पुन्हा दलाली, आणि सुरुवातीच्या हप्त्यांत बहुतेक व्याजच, हे सगळे भरून निघण्याइतका भाव वाढावा लागतो. आपल्या जोड्यांत तो जागचा हललेला नाही. पाच जोड्या आणि काही जाहिराती यांवरून 'फुगा' हा शब्द मी वापरणार नाही. लहान घरांचा बाजार थिजला आहे, एवढे मात्र म्हणेन. भाड्याने राहावे. घ्यायचेच असेल तर विक्रेत्याने पहिली जाहिरात केव्हा दिली होती, तेवढे शोधून काढा.

चौथा_मजला
तीन वर्षांचाच मुक्काम असेल, तर माझा सल्ला मी मागे घेतो. मात्र विक्रेता लगेच भाव उतरवील, या भ्रमात राहू नका. बॉस्टनमधील सदनिकांचा अभ्यास करून जेनेसोव्ह आणि मेयर यांनी २००१ मध्ये दाखवले की ज्यांना घेतलेल्या किमतीपेक्षा कमीत विकावे लागणार असते, ते किंमत चढी सांगतात आणि दीर्घकाळ अडून बसतात.

नवखा_खरेदीदार
पहिली जाहिरात अकरा महिन्यांपूर्वीची निघाली, आणि त्यानंतर किंमत एकदाही बदललेली नाही. रविवारी विसार देत नाही, असे दलालाला कळवले. तो म्हणाला की दुसरे गिऱ्हाईक दाराशी उभे आहे. मी म्हटले, मग त्यांना आत घ्या. तासाभराने त्याचाच फोन आला आणि मालक बोलायला तयार आहेत असे त्याने सांगितले. घरातील मंडळींना मी अजून काही सांगितलेले नाही.

गळका_गिलावा
बोलणी करण्यापूर्वी मजला कितवा, ते एकदा सांगावे.