मदत हवी आहे: अंगणातल्या आर्टिफिशियल लॉनचा जोड सुटलाय, पावसाआधी दुरुस्त करू की सगळी काढू?

नमस्कार मंडळी,

मुलुंडला तळमजल्यावर राहतो, मागे साधारण दहा बाय अठरा फुटांचं अंगण आहे, खाली कोबा आणि त्यावर आर्टिफिशियल लॉन, आधीच्या मालकांनी घातलेली, 35 एमएम उंच पातीची. पाती अजून छान आहेत, रंगही फारसा उडालेला नाही, पण आता सगळं एकदमच बिघडायला लागलंय.

मुख्य त्रास जोडाचा. दोन पट्टे मिळतात तिथे मधोमध हातभर जोड उघडलाय आणि कडा वर वळल्यात. मी उचलून बघितलं तर खालच्या काळ्या टेपवर गोंद तसाच आहे, पण गवताच्या पाठीवरून तो सुटलाय आणि तिथे बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागते. आई रोज सकाळी तिथे अनवाणी फेऱ्या मारते, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, परवा त्याच कडेत पाय अडकला, भिंतीला हात टेकला म्हणून पडली नाही. तेव्हापासून माझं सगळं लक्ष त्या जोडाकडेच असतं, सध्या वर एक पाट उपडा घालून ठेवलाय.

शिवाय दिवाळीत भुईचक्रामुळे दोन ठिकाणी गवत वितळून कडक पापुद्रा झालाय, पायाला टोचतो. आणि मोरीच्या कोपऱ्यात पाणी साचतं, गेल्या पावसाळ्यात तिथे शेवाळ धरलं होतं, त्यात आमची कुत्री नेमकी तिथेच शू करते, त्यामुळे उन्हं चढली की वास घरात येतो. कामवाल्या मावशी म्हणतात ऍसिड टाका, मला धीर होत नाही.

एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं होतं, त्याने वाकून बघितलंसुद्धा नाही, म्हणाला सगळं काढून नवीन टाकू. पैशाचं एक झालंच, पण एवढं सगळं प्लास्टिक, पाती वेगळी, पाठ वेगळी, गोंदाने एकमेकांना धरलेली, भंगारवालाही घेत नाही, ते कुठे टाकायचं? दुरुस्त होण्यासारखं असेल तर मला दुरुस्तच करायचंय. 11 जून ही मुंबईत पाऊस यायची नेहमीची तारीख, म्हणजे हातात फार दिवस नाहीत. कोणी घरच्या घरी केलंय का?

टर्फवाला_ठाणे:
दादा, बॉक्स क्रिकेटच्या टर्फची कामं करतो म्हणून सांगतो, आधी एक तपासा. जोडाजवळची चार पाती चिमटीत धरून जोरात ओढा. झुबका मुळासकट हातात आला तर तेवढी कड गेली, तिथे कितीही गोंद लावा, धरणार नाही. ती पांढरी भुकटी म्हणजे पाठीच्या लॅटेक्समधली (पाती धरून ठेवणारा रबरी थर) चुनखडीची पूड, सतत ओलं राहिलं की ते लॅटेक्स कमजोर होतं. म्हणजे तुमचा खरा आजार साचलेलं पाणी आहे, जोड त्याच्यामुळे सुटलाय.

पाती घट्ट असतील तर लॉन वाचते. मोरीच्या बाजूने उलटी गुंडाळत न्या आणि कोब्यावर बादलीभर पाणी ओता, कुठे थांबतं ते दिसेल. ढाळ शंभराला एक तरी हवा, तुमच्या अठरा फुटांना दोन इंचांच्या थोडा वर. ढाळ कमी असेल तर कोबा फोडत बसू नका, मोरीजवळचा खड्डा भरून घ्या आणि खाली 20 एमएमच्या ड्रेनेज सेल (प्लास्टिकच्या पोकळ जाळीदार फरश्या) अंथरा, पाणी त्यांच्या पोकळीतून निघून जातं. फक्त दाराचा उंबरा किती उंच आहे ते आधी मोजा, नाहीतर पाणी घरात.

जोडाला जुनी टेप वापरू नका. दोन्ही कडा पाठीकडून कटरने, पाती शिवलेल्या टाक्यांच्या कडेच्या दोन ओळी काढून टाकत सरळ कापा, मग फुटभर रुंद नवीन टेप आणि दोन भाग मिसळून वापरायचा पीयू (पॉलीयुरेथेन) गोंद. गोंद लावताना पाती आत दबली तर जोड कायम दिसत राहतो, ती बोटाने बाहेर काढत काढत पुढे जायचं. वर विटा ठेवा आणि पूर्ण एक दिवस त्यावर कोणाला पाय ठेवू देऊ नका, आईंना तर नाहीच.

श्वानप्रेमी_बोरिवली:
ऍसिड अजिबात नको, पाठ खाऊन टाकेल. आणि ब्लीचिंग पावडर तर त्याहून नको, शूमध्ये अमोनिया असतो, ब्लीचशी मिळून विषारी वायू होतो, कुत्रीलाही त्रास आणि आईंनाही. आम्ही आधी भरपूर पाण्याने धुतो, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून शिंपडतो, अर्ध्या तासाने परत धुतो. वास फारच मुरला असेल तर एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते घ्या, ते मात्र व्हिनेगरच्या दिवशी वापरू नका. लॉन उचललीच आहे तर खालचा कोबाही घासून घ्या, अर्धा वास तिथेच असतो. आणि तारेचा ब्रश नको, नायलॉनचा कडक ब्रश पातीच्या उलट्या दिशेने फिरवा, शेवाळ सुटतं आणि झोपलेली पाती उभी राहतात.

मूळ धागाकर्ता:
खूप खूप आभार दोघांचे! पाती ओढून बघितली, एकही निघाली नाही. उंबरा चार इंच उंच आहे, म्हणजे सेल बसतील. आता जळलेल्या जागेला तुकडा कुठून आणू? नवीन रोल कोणी फूटभर देत नाही, आणि रंग जुळेल असं वाटत नाही.

टर्फवाला_ठाणे:
नवीन आणूच नका. वॉशिंग मशीनखाली किंवा तुळशीच्या कुंडीमागे जिथे दिसत नाही तिथला चौकोन कापून घ्या, त्याच लॉटचा माल असतो. जळलेला भागही चौकोनीच कापा, गोल कापला तर कड जुळत नाही. आणि पाती ज्या बाजूला झुकलेली आहेत त्याच बाजूला तुकड्याचीही झुकलेली हवीत, उलटा बसला तर लांबून वेगळाच हिरवा दिसतो.

मध्येच वळवाची सर आली तर वर ताडपत्री टाका आणि नंतर ती काढून दोन दिवस ऊन खाऊ द्या. पाठ ओली असेल तर गोंद धरत नाही.