मोलची गणितं तुम्हाला कशी सुटली? (अनुभव धागा)

भाचीचं यंदा अकरावी सायन्स. बाकी विषय ठीक चाललेत, रसायनशास्त्रातला 'मोल' (अणू-रेणू मोजायचं एकक, डझनासारखं) आला की वही मिटते. तुम्हाला हे प्रकरण कधी आणि कशामुळे उमगलं ते लिहा. सूत्रं पुस्तकात आहेतच.

खडूफळा: निवृत्त शिक्षक आहे. नववीत चुनखडी भाजायचं समीकरण फळ्यावर लिहून विचारायचो, 100 ग्रॅम चुनखडीतून कळीचा चुना 56 ग्रॅमच का? उरलेले 44 ग्रॅम गेले कुठे? 'हवेत' असं कुणीतरी म्हणायचंच. कार्बन डायऑक्साइडचं वजन असं त्यांच्याच तोंडून निघालं की मग 'मोल' शब्द काढायचा. डझनाचा दाखला मी पुढे सोडला. डझन मोजता येतो, मोल तोलावा लागतो, आणि मुलं नेमकी तिथेच अडतात.

मळीवाला: साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे. आमच्याकडे ग्रॅम नाही, टनांत हिशोब, पण गणित तेच. 180 किलो ग्लुकोजपासून 92 किलो अल्कोहोल आणि 88 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे कागदावर 51 टक्के. टाकीत तेवढं कधीच मिळत नाही. यीस्ट वाढायलाही साखर लागते, थोडी ग्लिसरॉलमध्ये जाते. नव्या पोरांना 'यील्ड' काय ते या फरकावरून चटकन कळतं.

सीईटी_पीडित: लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ! 56 ग्रॅम नायट्रोजन, 6 ग्रॅम हायड्रोजन, अमोनिया किती? नायट्रोजन ढीगभर दिसतो म्हणून सगळे त्यावरून सुरू करतात. क्लासच्या दादाने सांगितलं, आधी मोल काढ: 56/28 म्हणजे 2 आणि 6/2 म्हणजे 3. मग समीकरणातल्या (N₂ + 3H₂ → 2NH₃) सहगुणकाने भाग: 2/1 म्हणजे 2, 3/3 म्हणजे 1. लहान उत्तर ज्याचं, तो आधी संपणार. इथे हायड्रोजन. अमोनिया 34 ग्रॅम, नायट्रोजन 28 ग्रॅम शिल्लक. बेरीज 62, सुरुवातीलाही 62. ही शेवटची बेरीज करायला अर्धा मिनिट लागतो, तरी कुणी करत नाही.

ब्युरेट: मला बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये समजलं, पुस्तकात नाही. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं 0.1 मोलर (लिटरमागे 0.1 मोल) द्रावण, 250 मिली. रेणुवस्तुमान 90 धरलं तर 2.25 ग्रॅम. मॅडम म्हणाल्या, बाटलीवरचं लेबल वाचा. स्फटिकात पाण्याचे दोन रेणू, म्हणून 126, म्हणून 3.15 ग्रॅम. तेव्हापासून तराजूकडे जाण्याआधी लेबल.

मळीवाला: @ब्युरेट, अगदी! आमच्या लॅबमध्येही हाच पहिला धडा असतो.

सीईटी_पीडित: एक राहिलंच. एक मोल वायूचं आकारमान 22.4 लिटर की 22.7, यावरून भाचीचा गोंधळ होणारच. दोन्ही 0 अंश सेल्सिअसलाच. दाब 1 अ‍ॅटमॉस्फिअर तर 22.4, 1 बार तर 22.7. प्रश्नात दाब कोणता दिलाय ते आधी बघायला सांगा. आणि पाण्याला 22.4 लावू नये. तो आकडा फक्त वायूंचा.