क्लॅन काढणारा माणूस खरा कोण आहे, हे मेंबरांना कळायला हवं का?

रात्रकिडा

आमचा क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममधला क्लॅन, म्हणजे एकत्र लढणाऱ्या खेळाडूंचा गट, फेब्रुवारी २०१४ पासूनचा. नाव सांगत नाही, नाहीतर उद्या जॉइन रिक्वेस्टींचा पाऊस पडेल. ५० पैकी ४७ जागा भरलेल्या, बहुतेक मराठी माणसं. मी आलो २०१६ ला, फुकटचं जिओ सिम हातात पडलं तेव्हा. क्लॅन काढला आप्पांनी. ‘आप्पा’ हे गेममधलं नाव, खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

इतक्या वर्षांत आप्पांबद्दल आम्हाला माहीत काय? थंडीच्या दिवसांत पहाटे तीन-चारला टक्क जागे असतात आणि सकाळी दहाला गायब. त्यावरून निम्म्या क्लॅनचं मत, माणूस अमेरिकेत आहे. एकाचं ठाम मत, पोलिसात आहे. आणि एक नियम, वॉर, म्हणजे दुसऱ्या क्लॅनशी लढाई, रात्री अकरालाच लावायचं. साडेदहाला नाही, बाराला नाही. नवीन पोरं विचारायची, काय मुहूर्त आहे का?

गेल्या महिन्यात आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ओळख’ सुरू केली. दर रविवारी एक मेंबर, पंधरा प्रश्न. पहिला मान आप्पांचा. उत्तरं वाचून मी गपगार झालो. वय ५३. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर, हंगामी कामगार. गाळप सुरू झालं की रात्री बाराची पाळी.

आता अकराचं गणित बघा. अकराला वॉर लावलं की २३ तास तयारीचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी रात्री दहाला लढाई सुरू. २४ तासांनी, तिसऱ्या दिवशी दहाला संपली. शेवटचे दोन तास आप्पा जेवून, डबा भरून, मोबाइल चार्जिंगला लावून ओसरीवर बसलेले. समोरच्या कोणाचा बेस (गेममधलं गाव) राहिलाय, कोणी हल्ला वाया घालवलाय ते बघायचं, आपले दोन हल्ले तोपर्यंत राखून ठेवायचे, राहिलेली साफसफाई करायची आणि मग मोटारसायकल काढायची. दहा वर्षं आमचा सगळा क्लॅन एका माणसाच्या पाळीवर चालला आणि आम्हाला पत्ता नाही.

अजून एक. मागे लीगच्या, म्हणजे क्लॅनांच्या स्पर्धेच्या, बोनस मेडलवरून मी आप्पांशी जोरदार भांडलो होतो. सातही हल्ले थ्री स्टार, म्हणजे पैकीच्या पैकी तारे, मारणाऱ्याला सोडून त्यांनी मेडल एका पोराला दिली, ज्याचे धड बारा तारे नव्हते. ‘ओळख’मध्ये प्रश्न होता, आवडता मेंबर कोण? उत्तर: “जो हल्ला चुकवत नाही तो. तारे काय, येतात मागनं.” पाळी न चुकवणारा माणूस असंच बोलणार, हे तेव्हा कळलं असतं तर भांडलो नसतो.

म्हणून माझं मत, संस्थापकाची ओळख झाल्याशिवाय क्लॅन कळत नाही. तुम्हाला काय वाटतं?

हुकलेला बाण

साफ असहमत.

क्लॅनमध्ये मी येतो ते गाव, आडनाव, पगार, कोणाचा कोण, हे सगळं चपलांसारखं दाराबाहेर काढून. बाहेर कुठेही गेलो तरी पहिला प्रश्न ‘कुठले तुम्ही?’ आणि दुसरा ‘आडनाव काय?’. दुसऱ्या प्रश्नामागे काय असतं ते इथे कोणाला समजवायला नको. दिवसभरात एक जागा अशी आहे जिथे हा प्रश्न येत नाही. तिथेही पंधरा प्रश्नांचा फॉर्म भरून घ्यायचा?

रात्रकिडा

आडनाव विचारलंच नव्हतं. पंधरा प्रश्न साधे होते, आवडता ट्रूप (गेममधला सैनिक), आवडता पदार्थ वगैरे.

हुकलेला बाण

पंधरात नव्हतं. सोळावा खाली आला होता, “आप्पा, कोल्हापूरचे म्हणजे कोण?” आप्पांनी उत्तर दिलं नाही आणि कोणी हटकलंही नाही. मी त्याच क्लॅनमध्ये आहे रे बाबा. ओळखलं असशील तर इथे बोलू नकोस.

बार्बेरियन बाबूराव

बाण यांचा मुद्दा पटतो, पण माझा अनुभव उलटा आहे.

२ सप्टेंबर २०२० ला ११८ ॲपवर बंदी आली, त्यात पब्जी मोबाइल. ३० ऑक्टोबरला सर्व्हरही बंद. आमचा क्लॅन होता, रोज रात्री दहा ते एक, लॉकडाऊनमध्ये तर घरच्यांपेक्षा जास्त बोलणं त्यांच्याशी. सगळे टोपणनावांनी. शेवटच्या रात्री सगळे म्हणाले, भेटू रे कुठेतरी. कुठे? एकाचाही नंबर कोणाकडे नाही. जुलै २०२१ ला बीजीएमआय (पब्जीचीच भारतीय आवृत्ती) आलं तेव्हा मी एकेक नाव सर्च करून बघितलं. तिघं सापडले. आमचा लीडर, ज्यानं मला रिकॉइल (गोळीबारात उसळणारी बंदूक) धरायला शिकवलं (जायरो चालू कर आधी, असं ओरडून ओरडून), तो आजपर्यंत नाही सापडला. साधा जिल्हा माहीत असता तरी शोधला असता.

तर चपला बाहेर काढा, पण कोणाच्या कुठल्या तेवढं लक्षात असू द्या.

गुळाचा खडा

गेमिंग तर २०२५ च्या कायद्यानं बंद झालं ना? अजून खेळताय?

बार्बेरियन बाबूराव

पैसे लावून खेळायचे गेम बंद झाले हो. आमचे फक्त वेळ लावून खेळायचे.

शाहूपुरीकर

एक शंका. कारखान्यात पाळी दर आठवड्याला फिरते. माझे वडील आयुष्यभर कारखान्यात होते. कायम रात्री बाराची पाळी कोणाला असते? धागाकर्त्यानं गोष्ट जरा रंगवलेली दिसते.

रात्रकिडा

रास्त शंका. मलाही आली, मी विचारलं. आप्पांनी रात्रपाळी मागून घेतलीय. दुसरे लोक खुशीनं बदलून देतात, रात्र कोणाला हवी असते? दिवसा स्वतःचं सव्वा एकर रान बघायचं असतं. सकाळी आठला सुटणार, दुपारपर्यंत झोप, मग पाणी पाजायला. म्हणून दहाला गायब.

शाहूपुरीकर

मग खरं असणार. बॉयलरवाले रात्री चहावर असतात, पहाटे तीनची वेळ सगळ्यात वाईट. वडील त्या वेळी पत्ते खेळायचे. तुमचे आप्पा ड्रॅगन पाठवतात, एवढाच फरक.

थ्री_स्टार_किंवा_घरी

मला हे संस्थापक-संस्थापक काय चाललंय तेच कळत नाही. संस्थापक म्हणजे ज्यानं पहिल्यांदा बटण दाबलं तो. बस. पुढे ज्याचा हात चांगला त्याचा क्लॅन.

उदाहरण देतो. २०१३ मध्ये जगातला एक नंबरचा खेळाडू होता जॉर्ज याओ, सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी करणारा. तेव्हा ऑनलाइन असलं की बेसवर हल्ला व्हायचा नाही, म्हणून हा अंघोळीलासुद्धा आयपॅड प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्यायचा. न्यूयॉर्क टाइम्सनं त्याच्यावर लेख छापला होता. त्याचा क्लॅन नॉर्थ ४४. आता सांगा, नॉर्थ ४४ कोणी काढला? गुगल न करता सांगा. कोणाला माहीत नाही, कोणाचं अडलंही नाही.

आप्पांना लीडरशिप ठेवायची तर ठेवू दे, पण मेडल कामगिरीवरच. बारा तारेवाल्याला मेडल हा अन्याय आहे, आप्पा बॉयलरवर असोत की बंगल्यात.

वडाची साल

तुम्ही कधी सुरू केलंत खेळायला? २०२२ नंतर असणार.

२०१४ मध्ये एक ड्रॅगन बनायला बराकीत अर्धा तास लागायचा. पेक्का या चिलखती ट्रूपला पाऊण. एलिक्सर (गेममधलं चलन) लागायचं ते वेगळं. कोणी रिक्वेस्ट टाकली आणि तुम्ही ड्रॅगन दिलात म्हणजे स्वतःचा अर्ध्या तासाचा हल्ला त्याला दिलात. मार्च २०२५ पासून ट्रेनिंगचा वेळच काढून टाकला, आता डोनेट करणं म्हणजे बोट लावणं. क्लॅन सुरू करणारा माणूस पहिले सहा महिने दुसऱ्यांची रिकामी सीसी (क्लॅन कॅसल, इतरांनी दिलेलं सैन्य ठेवायचा किल्ला) भरत बसायचा, तेव्हा कुठे दहाचे वीस मेंबर व्हायचे. मी स्वतः एक क्लॅन काढून अकरा मेंबरांवर बंद केलाय, म्हणून सांगतो. बटण सगळेच दाबतात.

मेडलबद्दल मात्र तुमच्याशी सहमत.

फ्योर्डकाठी

नॉर्वेतून लिहितेय, इथली एक खरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅट्स स्टीन नावाचा मुलगा. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जातात. नोव्हेंबर २०१४ मध्ये गेला, वय २५. आईवडिलांना कायम वाटत राहिलं की पोरगं खोलीत एकटं गेम खेळत बसलं, ना मित्र, ना काही. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि ईमेल यायला लागले. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये तो इबेलिन होता, स्टारलाइट गिल्डमधला (गिल्ड म्हणजे तिथला क्लॅन). कोणाला त्यानं आईशी बोलायला मदत केली होती, कोणाचं ऐकून घेतलं होतं. अंत्यसंस्काराला गिल्डची माणसं दुसऱ्या देशांतून आली.

त्यामुळे ऑनलाइन ओळख खोटी, असं म्हणणाऱ्यांना मी हसते.

हुकलेला बाण

खोटी म्हटलंच नाही मी. उलट तुमची गोष्ट माझ्या बाजूची आहे. मॅट्सनं आपला आजार गिल्डपासून कितीतरी काळ लपवून ठेवला होता. त्याला तिथे आजारी मुलगा व्हायचं नव्हतं. गेममध्ये तो धावायचा. त्या गिल्डनं पहिल्याच महिन्यात ‘ओळख’ काढून पंधरा प्रश्न विचारले असते, तर इबेलिन उरला असता का?

सांगायचं ते ज्यानं त्यानं, त्याला वाटेल तेव्हा. रविवारी सकाळी दहाला, नंबर लावून नाही.

फ्योर्डकाठी

हा विचार मी केला नव्हता. तरीही, शेवटी त्यानं सांगितलं होतं आणि सांगितल्यावर माणसं अजून जवळ आली, हेही खरं.

वांगीभात

शेवटी सांगितलं, हेच तर. त्याचं त्यानं.

माझंही ऐका. मी एका क्लॅनमध्ये सहा वर्षं को-लीडर होते. नाव असं घेतलेलं की सगळ्यांना वाटायचं पुरुष आहे. ‘भाऊ’ म्हणायचे, मीही ‘बोल रे’ म्हणायची. रणनीती मी ठरवायची, पंचविशीतली पोरं मुकाट ऐकायची. मग कोणाला तरी अशीच सगळ्यांची ओळख करून द्यायची हौस आली, फोटोसकट. माझा नंबर जाहीर झाला त्या रात्री मी क्लॅन सोडला. कोणी वाईट वागलं म्हणून नाही. ‘भाऊ’चं ‘ताई’ झाल्यावर माझा ‘बेस असा मार’ हा आदेश राहणार होता की सल्ला होणार होता, ते बघायची मला हिंमत झाली नाही. एका क्लॅनमध्ये हे आधी बघितलंय. खाजगी मेसेज वेगळे.

आप्पांना विचारलं होतं का कोणी, की तुम्हाला चालेल का? की पहिला मान म्हणून डोक्यावर फेटा बांधून उभं केलं?

रात्रकिडा

विचारलं होतं. “टाका की” म्हणाले.

वांगीभात

ग्रुपवर विचारलंत की एकट्याला?

रात्रकिडा

ग्रुपवर.

थ्री_स्टार_किंवा_घरी

४६ जणांसमोर कोण नाही म्हणणार. इथे मी वांगीभातच्या बाजूनं, मेडलचा मुद्दा बाजूला ठेवून.

बार्बेरियन बाबूराव

पण मग माझ्यासारख्यांनी काय करायचं? सर्व्हर उद्या बंद पडला तर? मला फोटो नको, जात नको, काही नको. फक्त माणूस हरवायला नको.

वांगीभात

नंबर एकट्याला द्यायचा. मी क्लॅन सोडताना दोघांना दिला होता. अजून बोलतो आम्ही, ते दोघं अजून ‘भाऊ’च म्हणतात.

हुकलेला बाण

रात्रकिड्या, तू धागा काढलास पण अर्धीच गोष्ट सांगितलीस. पुढची मी सांगतो.

‘ओळख’ झाल्यावर ग्रुपवर सगळ्यांना आप्पांचा उमाळा आला. “आप्पा, ५३ व्या वर्षी रात्र-रात्र जागता, तुम्ही आराम करा”, “आम्ही बघतो शेवटचे दोन तास”. प्रेमानंच, नाही कोण म्हणतंय. मग एका को-लीडरनं डोकं लढवलं आणि वॉर दुपारी दोनला लावायला सुरुवात केली. म्हणजे शेवट दुपारी एकला, आप्पा झोपेत. कशाला त्यांना त्रास?

पहिलं वॉर जिंकलो. दुसऱ्या वॉरला यादी बघितली तर आप्पांची ढाल लाल. वॉर नको, आऊट. २०१४ ला वॉर सुरू झाल्यापासून त्या माणसाची ढाल कधी लाल बघितली नव्हती मी. कोणी विचारलं तर “रानात काम हाय”. त्याआधी काम नव्हतं?

जोवर आप्पा कोण ते माहीत नव्हतं तोवर आठ ते दहा सगळा क्लॅन त्यांचं ऐकायचा. कळलं आणि दोन आठवड्यांत तुम्ही त्यांना आजोबा करून खुर्चीत बसवलंत.

वडाची साल

अरेरे.

शाहूपुरीकर

हंगामी माणसाला ‘यंदा नका येऊ, आराम करा’ हे वाक्य कसं ऐकू येतं, ते कारखान्यातल्या कोणालाही विचारा.

रात्रकिडा

हो. दुपारी दोनला वॉर लावणारा तो को-लीडर मीच. ते लिहायचं धाडस झालं नव्हतं.

तरी मला वाटतं, चूक ओळखीची नव्हती, त्यानंतर आम्ही जे केलं त्याची होती. बाण हे मानणार नाही, माहीत आहे.

हुकलेला बाण

नाही मानत.

रात्रकिडा

या रविवारची ‘ओळख’ रद्द केलीय. काल वॉर परत रात्री अकराला लावलं. ग्रुपवर काही बोललो नाही, नुसतं लावलं. यादी टाकताना आप्पांची ढाल अजून लालच होती. पण मध्यरात्री माझी सीसी उघडून बघितली तर भरलेली. दोन ड्रॅगन. देणाऱ्याचं नाव आप्पा.

बार्बेरियन बाबूराव

आज दहानंतर काय होतंय ते कळव रे.